मिठाला एकच हात

बेसा गावच्या शालिकराम भोयरने जन्मभर लग्नांचा स्वयंपाक केला, पण वाढण्याआधी चाखून पाहण्याचा प्रकार त्याने कधी केला नाही. देवाचं पान वाढून नैवेद्य दाखवल्याशिवाय आचाऱ्याची जीभ अन्नाला लागायची नाही, हा त्याच्या वडिलांचा नियम होता. मग आठशे माणसांच्या वरणात मीठ बरोबर पडलं की नाही हे कळायचं कसं? तर नाकाने. डेग उकळत असली की शालिकराम वाकून एक वाफ ओढून घ्यायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "अजून अर्धी मूठ." ती अर्धी मूठ टाकायचाही तोच. हाताखालच्या माणसांनी कांदे चिरावेत, कणीक तिंबावी, चुली फुंकाव्यात. मिठाच्या गाडग्याला बोट लावलेला माणूस दुसऱ्या लग्नाला दिसत नसे. दोन हातांनी मीठ पडलं की एक तर दोनदा पडतं, नाही तर पडतच नाही. "मिठाले एकच हात," हे त्याचं ब्रीद, आणि ते तो इतक्यांदा ऐकवायचा की लोक त्याच्या मागे त्याची नक्कल करायचे.

घरीसुद्धा हीच तऱ्हा. बायको जयवंता भाकरी थापी, भाजी फोडणीला टाकी आणि मग हाक मारी, "या जी, मीठ टाका." रोजच्या भाजीतलं मीठ त्याचं, लोणच्यातलं त्याचं, उपासाच्या भगरीत शेंदेलोण कुटून टाकायचं तेही त्याचंच. चुलीच्या राज्यात नवऱ्याची एवढी लुडबुड दुसऱ्या बाईने खपवून घेतली नसती. जयवंताने घेतली, कारण त्या मुठीचा अंदाज खरोखरच कधी चुकत नव्हता. दुसरं कारण असं की तिला नवरा आवडत होता. हे दुसरं कारण आपल्याकडे कोणी सांगत नाही, म्हणून इथे सांगून टाकलेलं बरं.

सहासष्ट सालच्या लग्नसराईत जयवंताचे डोळे सकाळी सुजलेले दिसू लागले. थोरली जाऊ अंजनाबाई शेजारच्याच घरात राहायची. तिला वाटलं, दीर काही बोलला असेल, जयवंता रात्री रडली असेल. तिने शालिकरामला दोनदा आडून टोमणेही मारले. मग सूज पायांवर उतरली. बांगड्या मनगटात रुतल्या, जोडवी निघेनात, साबण लावूनही निघाली नाहीत, ती शेवटी सोनाराकडून कापून काढावी लागली. जोडवी कापली त्या दिवशी शालिकराम घाबरला. दुसऱ्या दिवशी त्याने बंडी जुंपली आणि बायकोला नागपुरात मेडिकलच्या सरकारी दवाखान्यात नेलं. त्यांची सात वर्षांची मुलगी गोपिका अंजनाबाईच्या कडेला लागून रस्त्यापर्यंत आली.

तिथे डॉक्टर लतिकाबाई होत्या, तिशीच्या, चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी काचेच्या नळीत जयवंताची लघवी घेतली, स्पिरिटच्या दिव्यावर नळीचा वरचा भाग तापवला आणि सिरक्यासारख्या उग्र वासाच्या बाटलीतले दोन थेंब टाकले. नळीत पांढरे गठ्ठे तरंगले.

"हे काय हाय?" शालिकरामने विचारलं.

"तुम्ही आचारी ना? तुम्हीच सांगा, कसं दिसतंय."

"दूध फाटल्यावानी."

"बरोबर. हा अन्नाचा कस आहे. रक्तात राहायला हवा, तो लघवीतून चाललाय. मूत्रपिंड म्हणजे शरीरातली गाळणी. यांची गाळणी बिघडलीय. राहायचं ते गळून जातं आणि जायचं ते मागे राहतं."

"शिवता येते काय?"

"नाही येत. रक्त धुवायची यंत्रं निघालीत म्हणतात मोठ्या शहरांत, ती आपल्यापर्यंत यायला वेळ आहे. गोळ्या मी देते. पण खरं काम तुमच्या चुलीवर आहे. गाळणीवर जो भार पडतो तो ताटातून पडतो."

मग त्यांनी सांगितलं आणि शालिकराम ऐकत गेला. मीठ बंद. डाळ एक लहान वाटी, त्याच्यावर नाही. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी फेकून द्यायचं. पिण्याचं पाणी तांब्याने मोजून. संत्री बंद, कारण फळातले क्षारसुद्धा ही गाळणी बाहेर टाकू शकत नाही. नागपुरात डॉक्टरने संत्रं बंद करावं हे ऐकून बाकावरचा एक म्हातारा मोठ्याने हसला. शालिकराम हसला नाही. तो एकेक जिन्नस विचारत राहिला. पापड? बंद. लोणचं? बंद. खारोड्या? बंद. सोडा घातलेले वडे? बंद. अशा वीस जिनसा विचारून झाल्या. एकविसावी विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही.

जयवंता बाहेर बसल्यावर तो परत आत गेला. "बाई, किती दिवसाची हाय थे?"

लतिकाबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दोन वर्षं. जेवण सांभाळलंत तर पुढचं मला सांगता येणार नाही."

"मंग थे पुढचं मी पाहातो," शालिकराम म्हणाला.

बोलून गेला खरा. परतीच्या वाटेवर बंडीत बसलेली जयवंता "काय म्हने डाक्टरीनबाई?" असं तीनदा विचारत होती आणि हा बैलांशीच बोलत होता. पोरगी सात वर्षांची. दोन वर्षांनी नऊ. नऊ वर्षांच्या पोरीला धड वेणी घालता येत नाही, हे त्याच्या मनात घोळत राहिलं.

पहिलं अळणी ताट जयवंतापुढे आलं आणि खरी लढाई सुरू झाली. शत्रू आजार नव्हताच, शत्रू होती अंजनाबाई. ती दारात उभी राहून बघत होती; तिने ताटातल्या भाजीचं बोट चाटलं आणि कपाळाला हात लावला.

"अवं माय! जित्त्या बाईले सुतकाचं जेवन वाढून राहिले काय भाऊजी? आपल्या घरात मानूस गेल्यावर दहा दिस अळणी शिजते. लक्ष्मीवानी बाई बसली अन् तुमी तिचं सुतक पाळून राहिले!"

जयवंताने ताट सरकवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "वैनी खरं बोलून राहिल्या जी. मी अजून मेली नाही. दोन दिस कमी जगीन, पन खाऊन जगीन."

शालिकरामला राग आला. त्याचा राग आवाजात येत नसे, हातात येई. त्याने आपलं ताट उचललं, त्यातली मिठाची भाजी परत भांड्यात टाकली, जयवंताच्या भांड्यातली अळणी भाजी आपल्या ताटात घेतली आणि तिच्यासमोर मांडी घालून बसला.

"सुतक असन तं दोघाईचं," तो म्हणाला. "आजपासून तू खाशीन थे मी खाईन. तू नाही खाल्लं तं मी भी उपाशी. अन् मी उपाशी राहून आठशे मानसाची डेग उतरवली अन् आंगावर सांडली, तं मंग वैनी, खरंच सुतक येईन."

अंजनाबाई तोंडाला पदर लावून निघून गेली. जयवंताने घास घेतला. तिला तो गिळवेना आणि त्यालाही गिळवेना. तरी दोघांनी ताट संपवलं.

अळणी अन्न म्हणजे काय हे शालिकरामला त्या दिवशी कळलं. तीस वर्षं ज्या मुठीचा गर्व केला ती नसली तर आपल्या हातात काय उरतं, हा त्याच्या धंद्याचाच प्रश्न होता. तो हट्टाला पेटला. भाजीचं उकळलेलं पाणी फेकताना पहिले आठ दिवस त्याचा जीव तुटायचा. आचाऱ्याच्या पोराला ते पाप वाटतं. पण फेकलं. मग त्याने लसूण निखाऱ्यावर भाजून पाहिला. जिरं काळं होईपर्यंत भाजलं. भिवापुरी मिरची तेलात फुलवली, वर लिंबू पिळलं. ज्वारीच्या भाकरीत ओवा टाकला. दोन महिन्यांत त्याचं वांगं असं झालं की गोपिका मिठाचं वांगं सोडून आईच्या ताटात हात घालू लागली. जयवंता म्हणाली, "बरं लागते." आठशे माणसांनी दिलेल्या ढेकरांपेक्षा त्या दोन शब्दांनी तो जास्त सुखावला.

माणसं मात्र येतच होती, आणि आपल्याकडचा माणूस आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने येत नाही. जयवंताचा भाऊ चंपतराव काटोलकडून संत्र्यांची अख्खी टोपली घेऊन आला. शालिकराम दारातच आडवा आला. त्याने मेव्हण्याला पाणी दिलं, चहा दिला, टोपली परत बंडीत ठेवली. "बहिनीवर जीव हाय ना तुमचा? मंग हे घेऊन जा," एवढंच बोलला. चंपतराव वर्षभर रुसून बसला. शालिकरामने त्याला रुसू दिलं.

धंद्यातही बोभाटा झाला. आचारी घरी अळणी खातो म्हटल्यावर त्याचा मिठाचा अंदाज काय राहणार? नागपुरातल्या जरीपटक्यात एका लग्नात यजमान महादेवराव डेगेपाशी येऊन उभे राहिले. "चाखून दाखव. नाही तं दुसरा आचारी बलावतो." शालिकरामने पळी खाली ठेवली. "चाखनार नाही. पहिल्या पंगतीत एकानं जरी मीठ मागतलं, तं माह्या डोक्यावर ही डेग उपडी करा." पंगत बसली, उठली. मीठ कोणी मागितलं नाही. उलट रोज अळणी खाऊन त्याचं नाक इतकं तयार झालं होतं की शेजारच्या घरी कोणाची भाजी खारट झाली हे त्याला अंगणात कळायचं. या नाकाची त्याला मोठी ऐट होती, आणि ऐन वेळी त्याच नाकाचं त्याने ऐकलं नाही.

झालं असं. लतिकाबाईंनी त्याला सूज मोजायला शिकवलं होतं. रोज सकाळी जयवंताच्या नडगीवर अंगठा दाबायचा. खड्डा पडतो, तो भरून यायला किती आकडे लागतात ते मोजायचं. मळलेल्या कणकेत अंगठा दाबून ती किती सावकाश वर येते हे बघण्यात त्याचा जन्म गेला होता, त्यामुळे हे काम त्याला लगेच जमलं. पाच आकड्यांना एक रेघ. चुलीशेजारच्या भिंतीवर तो कोळशाने रोजच्या रेघा ओढायचा, एकीवर एक, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारी. पहिल्या दोन महिन्यांत रेघांची उंची झरझर उतरली. मग उतरायची थांबली. आठ दिवस कमी व्हायची, एकदम चढायची, पुन्हा कमी व्हायची. थंडी पडेपर्यंत हेच चाललं. नळीतले पांढरे गठ्ठे कमी होईनात.

"मीठ जातंय कुठून तरी," लतिकाबाई म्हणाल्या. "घरात नीट बघा."

शालिकरामने नीट बघितलं, म्हणजे बायकोवर पाळत ठेवली. त्याने मिठाच्या बरणीतलं मीठ वरून सपाट केलं आणि त्यावर बोटाने चांदणी काढून ठेवली. चांदणी मोडली नाही. तो अंजनाबाईच्या चुलीभोवती वास घेत फिरला. ती चिमट्याने मारायला उठली. लोणच्याची बरणी तर त्याने कधीच वाटून टाकली होती. तरी रेघा चढल्याच. दशमीपर्यंत त्या उतरत आल्या, तरी त्या दिवशीही अंगठ्याचा खड्डा भरायला वीस आकडे लागले आणि त्याच्या तोंडून ते गेलं.

"चोरून खाऊन राहिली तू."

जयवंता भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. "काय म्हनलं?"

"काहून असं करून राहिली वं? पोरीकडे पाहा. मी येथं जिवाचं रान करून राहिलो अन् तू कोनाच्या घरी जाऊन मीठ खाऊन येते?"

"सोळा वर्सं झाली लगन होऊन," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "तुमच्या मिठाले कधी हात लावला काय मी? मिठाले एकच हात म्हनता ना? तुमी देता थेच खाते. शेजारचं पानी भी नाही घेतलं. तुमाले इसवास नसन, तं आजपासून तुमच्या हातचं भी नाही खात मी." तिने सूप बाजूला सारलं आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली.

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. दर एकादशीला शालिकराम तिच्यासाठी भगर आणि शेंगदाण्याची आमटी करायचा. त्या दिवशीही केली. जयवंताने तिकडे बघितलंही नाही. मोजलेलं पाणी तेवढं घेतलं. त्याने गोपिकाकडून विनवलं, स्वतः ताट घेऊन तासभर दारात बसला. व्यर्थ. रागावलेल्या बाईचा उपास देवालाही मोडता येत नाही, मग शालिकरामची काय कथा.

द्वादशीला सकाळी तो तिच्या पायाशी बसला. तिने पाय ओढून घेतला नाही, पण त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्याने अंगठा दाबला आणि मोजू लागला. दहाच्या आत खड्डा भरला.

पुन्हा दाबला. दहाच्या आत.

शालिकराम उठून भिंतीपाशी गेला. दोनच रेघा ओढायच्या होत्या. त्या ओढल्या आणि तो मागे सरून अख्खी भिंत बघत उभा राहिला, पाच-सहा महिन्यांची. त्याला लिहिता-वाचता बेताचंच येत होतं, पण तिथी त्याला झोपेतही सांगता यायची. लग्नाच्या आचाऱ्याचं पोटच तिथीवर असतं. तो बोटाने एकेक उंच रांग मोजत गेला. द्वादशी, त्रयोदशी. इथे द्वादशी, त्रयोदशी. इथेही. मग रांगा हळूहळू उतरत जायच्या, आणि पुढच्या एकादशीनंतर पुन्हा उंच. परवाच्या दशमीला उरलेल्या सुजेवर आज चढायला हवं होतं. आज उतरलं होतं. काल तिने एकादशीचं खाल्लं नव्हतं.

कोनाड्यात खलबत्ता होता. त्यात गुलाबीसर शेंदेलोणाचा अर्धा कुटलेला खडा. शालिकरामने तो उचलला, नाकाशी धरला. आणि आयुष्यात पहिल्यांदा, देवाला काही न दाखवता, त्याने तो जिभेवर ठेवला.

खारट. निव्वळ खारट.

नाकाला हे दर पंधरा दिवसांनी कळत होतं. पण उपासाला मीठ चालत नाही आणि शेंदेलोण चालतं, त्या अर्थी ते मीठ नव्हे, हे त्याच्या आईच्या, आजीच्या, सगळ्या गावाच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं होतं की नाकाचं कोणी ऐकलंच नाही. आणि देवाचं म्हणून तो ते हातचं राखून टाकत नसे. पंधरवडाभर अळणी खाणाऱ्या बायकोला तेवढा एक दिवस तरी चव मिळावी म्हणून दोन चिमट्या जास्तच टाकायचा. प्रेमाने टाकायचा. स्वतः मात्र एकादशीला तो जुन्या नियमाने नुसत्या केळ्यांवर राहायचा, म्हणून त्याच्या जिभेलाही पत्ता लागला नव्हता.

तो खडा मुठीत घेऊन जयवंतापुढे जाऊन बसला. अंजनाबाई तिथेच होती, तिच्यासमोरच बोलला. "चोर सापडला वं. हाच हात होता." आणि तो रडायला लागला. एवढा मोठा बाप्या लेकरासारखा रडताना अंजनाबाईने कधी बघितला नव्हता. ती उठून अंगणात गेली.

जयवंताला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तिने त्याच्या मुठीतून खडा काढून घेतला. "पाप कबूल केलं ना? मंग उठा. कालपासून पोटात काही नाही माह्या. अळणी असन थे आना."

लतिकाबाईंनी तो खडा हातात फिरवला. त्या हसल्या नाहीत. "हे मीठच आहे, शालिकराम. दुसरं काही नाही. पण चूक एकट्या तुमची नाही. मी तुम्हाला सगळं सांगितलं, पण उपास करता का ते विचारलं नाही. माझ्या आईच्या घरीही हेच चालतं." त्यांनी कागद पुढे ओढला आणि त्यावर काहीतरी लिहून भिंतीला टाचलं. त्या दिवसापासून सुजलेला जो कोणी समोर येई त्याला त्या आधी विचारीत, उपास करता का.

आता पेच एकादशीचा. जयवंता लहानपणापासून ती धरत आली होती, सोडायला तयार नव्हती. शालिकराम म्हणाला, देव समजून घेईल. ती म्हणाली, देवाला मध्ये आणू नका, त्याने शेंदेलोण मागितलं नव्हतं. मग दोन दिवस विचार करून तिने असा तोडगा काढला की मोठमोठ्या वकिलांना सुचला नसता.

"मी अळणी एकादशी धरीन," तिने जाहीर केलं. "अन् एकादशीच काहून, रोजच अळणी व्रत. जलमभराचं."

अळणी सुतक आणि अळणी व्रत, ताट एकच. पण सुतकाचं ताट बघून बायका तोंड फिरवतात आणि व्रताच्या बाईपुढे वाकतात. जी अंजनाबाई कपाळाला हात लावून गेली होती ती हळदीकुंकू घेऊन आली आणि धाकट्या जावेच्या पाया पडली. लग्नाच्या पंगतीत आग्रह करणाऱ्या बायका "व्रत हाय तिचं" म्हटल्यावर हात जोडून पुढे सरकू लागल्या. चंपतरावसुद्धा आला, संत्र्यांऐवजी लिंबं घेऊन. व्रत मोडू नये म्हणून आता अख्खं बेसा जयवंतावर पहारा ठेवू लागलं. नवऱ्याला एकट्याला जे जमलं नव्हतं ते तिने एका शब्दात करून घेतलं.

दोन वर्षं झाली. मग चार झाली. सूज कधी पूर्ण गेली नाही, पण चढलीही नाही. लतिकाबाईंनी पुढे प्रताप नगरात आपला दवाखाना थाटला आणि तिथून त्या बेशाला चिठ्ठ्या पाठवू लागल्या: या बाईला तुमची भाजी शिकवा. जयवंता ओट्यावर बसून शिकवायची. पाणी कसं फेकायचं, जिरं किती भाजायचं, सासूला काय सांगायचं. शालिकराम आत चूल फुंकत बसे आणि मध्येच ओरडे, "लसून सांग त्याईले, लसून!" गोपिकाची वेणी आईनेच घातली. नवव्या वर्षीही, पंधराव्या वर्षीही, आणि एकोणिसाव्या वर्षी लग्नात बोहल्यावर उभी राहिली त्या सकाळीही. त्या लग्नात शालिकरामने आठशेंची डेग उतरवली आणि तिच्या शेजारी एक लहान पातेलं, दोघांचं.

ऐंशी सालच्या थंडीत जयवंता गेली. शेवटचा महिना वाईट होता, तो सांगण्यात अर्थ नाही. शेवटच्या सकाळीही शालिकरामने तिच्या नडगीवर अंगठा दाबला होता आणि रेघा ओढल्या होत्या. डॉक्टरांनी दिलेली दोन वर्षं आणि त्यावर साडेअकरा त्याने आणि तिने मिळून चुलीवर शिजवलेली.

घरात सुतक आलं. अंजनाबाईने चूल हातात घेतली आणि दहा दिवस अळणी शिजवलं. शालिकराम पानावर बसला, जेवला, उठला. घरात काही बदललंय हे बाकी सगळ्यांच्या जिभेला कळत होतं, फक्त त्याच्या जिभेला कळत नव्हतं. तेच त्याला सोसलं नाही. दुःख पाळायला म्हणून वेगळं असं काही त्याच्याकडे उरलंच नव्हतं.

तेरवीचा स्वयंपाक त्याने स्वतः केला. कोणाचं ऐकलं नाही. डेगेवर वाकून वाफ घेतली, डोळे मिटले, अर्धी मूठ टाकली. पानं उठल्यावर अंजनाबाईने त्याच्यापुढे मिठाचं वरण ठेवलं. ती आता म्हातारी झाली होती. "भाऊजी, सुतक फिटलं. तिचं व्रत भी तिच्यासंगं गेलं. आता तरी खा."

त्याने एक घास घेतला. त्याला तो इतका खारट लागला की डोळ्यांतून पाणी आलं. त्याने वाटी बाजूला सारली. "उद्या पाहू, वैनी."

चौदाव्या दिवशी सकाळी एक रिक्षा दारात थांबली. नानाजी नावाचा पन्नाशीचा माणूस उतरला, त्याने हात धरून बायकोला, यमुताईला उतरवलं. तिच्या पायात चपला जात नव्हत्या. हातात लतिकाबाईंची चिठ्ठी होती. शिकवणारी बाई गेली हे त्यांना ठाऊक नव्हतं. दारात बसलेल्या गोपिकाने सांगितलं तेव्हा दोघं गोंधळून उभी राहिली.

"बाबा आता कोनाले भेटत नाहीत," गोपिका म्हणाली. "महिनाभरानं या."

"येतो आमी," नानाजी म्हणाला आणि बायकोला परत रिक्षाकडे वळवू लागला.

"थांबा."

शालिकराम आतून आला होता. त्याने चिठ्ठी वाचली नाही, ती त्याला नीट वाचताही येत नव्हती. त्याची नजर पायांवर होती. "महिनाभरानं? गोपिके, पाय पाहा त्याईचे. सतरंजी टाक."

यमुताई संकोचून बसली. तो तिच्यासमोर उकिडवा बसला, नडगीवर अंगठा दाबला आणि ओठ न हलवता मोजू लागला. पस्तीस आकडे झाले. तो उठला, चुलीतून एक कोळसा घेतला आणि जयवंताच्या शेवटच्या रेघांशेजारी, चार बोटं सोडून, सात रेघा ओढल्या, एकीवर एक. मग परत येऊन बसला.

"पहिले एक सांगा, ताई," तो म्हणाला. "एकादशी धरता काय?"